फ्रेंचला खरोखर उतरती कळा लागली आहे का, आणि तिच्याऐवजी स्पॅनिश शिकणे अधिक उपयोगाचे आहे का?

आपण घोडबंदर रोडला राहता, मुलगी यंदा अकरावीत जाते आहे, दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घ्यायचे तिच्या मनात आहे आणि आपल्या मेहुण्यांनी मात्र "फ्रेंच आता बुडीत खात्यात गेलेली भाषा आहे, त्यापेक्षा तिला बाहेर स्पॅनिशचा क्लास लाव" असा सल्ला दिल्यामुळे आपण पेचात पडला आहात, असे आपल्या प्रश्नावरून समजले. मी ऐरोलीला राहते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषध कंपनीच्या नोंदणी विभागात गेली एकोणीस वर्षे काम करते. आमची औषधे ज्या देशांत जातात, तिथल्या भाषेत त्यांची कागदपत्रे, वेष्टनांवरचा मजकूर आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रके तयार करून घेणे हे माझे काम आहे. फ्रेंच मी बी.ए.ला शिकले आणि स्पॅनिश चाळिशीत, नोकरीच्या गरजेपोटी शिकले. या दोन्ही भाषांचे कागद रोज हाताखालून जात असल्यामुळे जे दिसते, त्यावरच माझे उत्तर बेतलेले आहे.

मेहुण्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण ती बातमी शंभर वर्षे जुनी आहे. अठराव्या शतकापासून युरोपातल्या राजदरबारांची आणि तहांची भाषा फ्रेंच होती. १९१९ च्या व्हर्सायच्या तहात इंग्रजी मजकूर फ्रेंचइतकाच अधिकृत मानला गेला आणि तिथे ती मक्तेदारी मोडली. पुढे युरोपीय समुदायात १९७३ मध्ये ब्रिटन आले, १९९५ मध्ये स्वीडन, फिनलंड आणि ऑस्ट्रिया आले, २००४ मध्ये पूर्व युरोपातले अनेक देश आले, आणि ब्रुसेल्सच्या कचेऱ्यांतली फ्रेंच दर वेळी थोडी थोडी मागे सरकली. एवढे करून ब्रिटन स्वतः बाहेर पडले, तरी इंग्रजी तिथेच ठाण मांडून बसली आहे. विज्ञानाच्या क्षेत्रातही तेच घडले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेने आपल्या जुन्या संशोधनपत्रिकांना इंग्रजी नावे दिली, तेव्हा फ्रान्समध्ये बरीच ओरड झाली होती. १९९४ मध्ये तिथे जाहिराती, नोकरीचे करार आणि वस्तूंवरच्या सूचना फ्रेंचमध्ये असल्याच पाहिजेत असा कायदा आला. तो आणणारे मंत्री झाक तूबाँ यांच्या आडनावाचा उच्चार फ्रेंच कानाला 'सगळे छान' असा ऐकू येतो, म्हणून टवाळखोरांनी त्यांचे इंग्रजी बारसे करून त्यांना 'मिस्टर ऑलगुड' म्हणायला सुरुवात केली.

अलीकडच्या घडामोडी अधिक गंभीर आहेत, कारण त्या आफ्रिकेतल्या आहेत आणि फ्रेंचचे भवितव्य आता तिथेच ठरणार आहे. रवांडाने २००८ मध्ये शाळांचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीवर नेले. अल्जीरियाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळांत इंग्रजी आणली. त्याच वर्षी गॅबन आणि टोगो हे फ्रान्सच्या जुन्या अमलाखालचे देश राष्ट्रकुलात दाखल झाले. मालीने २०२३ च्या नव्या राज्यघटनेत फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढून तिला केवळ कामकाजाची भाषा केले, बुर्किना फासोने त्याच वर्षाच्या अखेरीस तेच केले आणि २०२५ मध्ये नायजरने हौसाला राष्ट्रभाषेचा मान देऊन फ्रेंचला खालच्या पायरीवर बसवले. हे तिन्ही देश फ्रेंचभाषक राष्ट्रांच्या 'फ्रँकोफोनी' या संघटनेतूनही बाहेर पडत असल्याचे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. एवढे वाचून कोणालाही वाटेल की खेळ आटोपला.

पण ज्या वर्षांत हे सगळे घडत होते, त्याच वर्षांत फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या वाढत होती. फ्रँकोफोनीच्या अंदाजानुसार ती २०१८ मध्ये सुमारे ३० कोटी होती आणि २०२२ मध्ये ३२ कोटींच्या वर गेली. त्यांतले निम्म्याच्या आसपास लोक आफ्रिकेत आहेत. हे कोडे आपल्याला मराठीवरून चटकन उलगडावे. २००१ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ७ कोटी १९ लाख होते आणि २०११ मध्ये ८ कोटी ३० लाख झाले, तरीही ठाण्यातल्या कोणत्याही कट्ट्यावर मराठीचे कसे होणार ही चर्चा थांबलेली नाही, आणि ती चर्चा खोटीही नाही. माणसे वाढत असतात, पण बँकेत, उच्च शिक्षणात, सोसायटीच्या सभेत त्या भाषेची खोली लहान होत जाते. फ्रेंचचे बरोबर असेच झाले आहे. राजनीती आणि विज्ञान या तिच्या दिवाणखान्यांत दुसरी भाषा येऊन बसली, आणि तिचा संसार मात्र किन्शासा, आबिजान, डकार या आफ्रिकेतल्या शहरांत वाढतो आहे. किन्शासा ज्याची राजधानी आहे, त्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची लोकसंख्या दहा कोटींच्या वर आहे आणि तिथल्या शाळा, न्यायालये, औषधांच्या दुकानांतली कागदपत्रे फ्रेंचमध्ये चालतात. फ्रेंच बोलणाऱ्या जगातले सर्वांत मोठे शहर आज पॅरिस नसून किन्शासा मानले जाते.

या संख्येत एक मेख आहे, ती लपवणे बरे नव्हे. किन्शासातला माणूस घरी आणि बाजारात लिंगाला बोलतो, डकारमधला वोलोफ बोलतो, मालीची राजधानी बामाको इथला बंबारा बोलतो, आणि फ्रेंच तो शाळेत शिकतो. आबिजानसारख्या काही शहरांत ती मुलांची घरची भाषा होऊ लागली आहे, पण बहुतेक ठिकाणी तिचे भवितव्य शाळांवर अवलंबून आहे. शाळा टिकल्या आणि वाढल्या तर २०५० पर्यंत फ्रेंचभाषक सत्तर कोटींवर जातील, असे भाकीत फ्रँकोफोनीवाले करतात. सरकारांनी माध्यम बदलले तर त्या भाकितातली हवा निघून जाईल. रवांडाने माध्यम बदलून दाखवलेच आहे, आणि त्याच रवांडाच्या लुईझ मुशिकिवाबो २०१८ मध्ये फ्रँकोफोनीच्या प्रमुखपदी निवडून आल्या, हा योगायोगही मोठा बोलका आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मालीची राज्यघटना बदलल्यानंतरही तिथे जाणाऱ्या आमच्या गोळ्यांच्या खोक्यातली पत्रिका फ्रेंचमध्येच छापली जाते, कारण ती वाचणारा औषधविक्रेता फ्रेंचमध्येच शिकलेला आहे, आणि एका पिढीचे शिक्षण अध्यादेशाने पुसता येत नाही.

स्पॅनिशचा पाया याच्या नेमका उलट आहे. ती जवळजवळ पन्नास कोटी लोकांची मातृभाषा आहे. मातृभाषकांच्या संख्येत चिनी मँडरिनच्या खालोखाल तिचा क्रम लागतो. फ्रेंच ही मातृभाषा असलेले लोक याच्या पाचव्या हिश्श्याइतकेही भरणार नाहीत. वीस देशांची ती राजभाषा आहे आणि अमेरिकेत चार कोटींहून अधिक लोक ती घरी बोलतात. घरात बोलली जाणारी भाषा शिक्षणमंत्र्याच्या लहरीवर जगत नाही, म्हणून स्पॅनिशच्या ऱ्हासाची चर्चा कोणी करत नाही. आमच्या कामात तिचा आणखी एक फायदा असा की, एक चांगला स्पॅनिश मसुदा तयार झाला की किरकोळ फरक करून तो पेरू, चिली, ग्वाटेमाला, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा अनेक देशांना चालतो. मात्र तिचा विस्तार बहुतांशी अमेरिका खंडात आहे, आणि दक्षिण अमेरिकेतला सर्वांत मोठा देश ब्राझील पोर्तुगीज बोलतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

आता 'उपयोग' या शब्दाकडे येते, कारण खरी फसगत तिथे होते. जगात एखादी भाषा किती लोक बोलतात, याचा ठाण्यात राहणाऱ्या मुलीच्या पोटापाण्याशी थेट संबंध नसतो. ऐरोलीत माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर कॅपजेमिनीचे आवार आहे. ही कंपनी मूळची फ्रेंच, मुख्यालय पॅरिसला. पण तिथे काम करणारे माझे जे शेजारी आहेत, त्यांचे दिवसभराचे काम इंग्रजीत चालते आणि त्यांना 'बाँजूर'च्या पुढे फ्रेंचची कधी गरज पडलेली नाही. उलट आमच्या साध्या औद्योगिक वसाहतीतल्या, बाहेरून गोदामासारख्या दिसणाऱ्या इमारतीत फ्रेंचवाचून पान हलत नाही, कारण सेनेगल, आयव्हरी कोस्ट, कॅमेरून, बेनिन या देशांतली औषध नियामक खाती फ्रेंच कागदपत्रांवाचून अर्ज पुढे सरकवत नाहीत. न्हावाशेवा बंदरातून जाणारा माल पाहिला, तर पश्चिम आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या दोन्ही दिशांना आपला व्यापार आहे. बजाजच्या मोटारसायकली कोलंबियातही धावतात आणि काँगोतही. म्हणजे दोन्ही भाषांना इथे काम आहे, फक्त ते नुसत्या भाषेचे काम नाही.

हा मुद्दा जरा सविस्तर सांगते. मी नोकरीला लागले तेव्हा पानामागे पैसे घेऊन भाषांतर करणारी मंडळी मुंबईत सुखाने जगत होती. आज पहिला मसुदा यंत्र करते आणि तो वाईट नसतो. पण तीन वर्षांपूर्वी ग्वाटेमालासाठीच्या एका पत्रिकेचा असाच मसुदा बाहेरच्या एका भाषांतर संस्थेकडून आमच्याकडे आला. त्यात 'दिवसातून एकदा' या अर्थाचा इंग्रजी 'वन्स' हा शब्द एका तक्त्यात तसाच राहून गेला होता. ओ, एन, सी, ई या चार अक्षरांचा स्पॅनिशमध्येही एक शब्द होतो, त्याचा उच्चार 'ओन्से' आणि अर्थ अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून अकरा वेळा घ्या, असे वाचले जाण्याची ती सोय होती. ती चूक ज्या मुलीला सापडली, ती बी.फार्म. झालेली होती आणि तिने वाशीत दोन वर्षे स्पॅनिश शिकली होती. शब्द व्याकरणात बसतो आहे का याआधी मात्रा शक्य आहे का, हे तिने पाहिले. अशा मुलींना आम्ही शोधत असतो आणि त्या मिळत नाहीत. नुसते फ्रेंच किंवा नुसते स्पॅनिश येणाऱ्यांचे अर्ज मात्र ढिगाने येतात. म्हणून आपली मुलगी पुढे औषधनिर्माण, लेखा, कायदा, आयात-निर्यात किंवा संगणक यांपैकी काय शिकणार आहे, हा प्रश्न भाषेच्या प्रश्नाआधी येतो.

कॅनडाचा विषय निघणारच, कारण हल्ली ठाण्यात आणि वाशीत फ्रेंचच्या क्लासात अकरावीच्या मुलांच्या शेजारी तिशी-पस्तिशीचे अभियंते बसलेले असतात. कॅनडा सरकारने २०२३ पासून कायम वास्तव्याच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या आणि त्यांतली गुणांची मर्यादा सर्वसाधारण फेऱ्यांपेक्षा बरीच खाली असते. स्पॅनिशला असा कोणताही लाभ तिथे नाही. यामागचे कारण पुन्हा उतरती कळाच आहे. घरात प्रामुख्याने फ्रेंच बोलणाऱ्यांचे कॅनडातले प्रमाण २०१६ मध्ये २० टक्के होते आणि २०२१ मध्ये १९.२ टक्क्यांवर आले, म्हणून ते सरकार बाहेरून फ्रेंच जाणणारी माणसे आणू पाहते. भाषेची घसरणच तिची मागणी वाढवते आहे. मात्र ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही कौशल्यांत कॅनडाच्या मोजपट्टीवरची सातवी पातळी लागते, आणि त्यासाठी टीईएफ किंवा टीसीएफ या परीक्षांचे कॅनडासाठी असलेले प्रकारच धरले जातात. आपल्याकडे मुले देतात ती डेल्फ परीक्षा तिथे चालत नाही. शिवाय असे नियम सरकारे बदलत असतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आजच्या फेऱ्यांवर हिशेब मांडू नये, असे मला वाटते.

अवघडपणाविषयी थोडक्यात सांगते. स्पॅनिश लिहिले तसे वाचता येते, आणि त, द, प, क हे उच्चार मराठी माणसाच्या तोंडात आयतेच असतात. शिवाय वसई-ठाण्याच्या पोर्तुगीजांनी आपल्याकडे ठेवून दिलेले पगार, बटाटा, चावी हे शब्द तिच्या सख्ख्या बहिणीचे असल्यामुळे ती फार परकी वाटत नाही. फ्रेंचमध्ये पक्षी या शब्दाला सहा अक्षरे आहेत आणि त्यांतले एकही स्वतःच्या नावाने उच्चारले जात नाही. सगळी मिळून 'वाझो' होतात. नव्याण्णवला पॅरिसमध्ये 'चार वीस दहा नऊ' म्हणतात, तर काँगोत बेल्जियन पद्धतीने सरळ नव्वद-नऊ म्हणतात. माझ्या मालवणच्या सासूबाईंना, ज्यांनी आयुष्यभर नारळ विसांनी मोजले, पॅरिसची पद्धत लगेच समजली.

तेव्हा मुलीला अकरावीत फ्रेंच घ्यायची असेल तर घेऊ द्यावी. तिच्यात मार्क चांगले पडतात हे खरे आहे, पण बारावीपर्यंतच्या त्या फ्रेंचने बोलता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. नव्वदच्या वर गुण मिळवलेल्या मुलांना मुलाखतीत स्वतःची ओळख करून देताना अडखळताना मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे कॉलेजाबरोबर शनिवार-रविवारचा बोलण्याचा वर्ग लावावा आणि बारावीनंतर ती युरोपीय मोजपट्टीवरची बी-टू, म्हणजे सहज बोलता-लिहिता येण्याची पातळी गाठेपर्यंत मध्येच सोडू नये. पुढे तिच्या शिक्षणाची दिशा अमेरिका खंडाकडे वळली तर स्पॅनिश तेव्हा घेता येईल. मी चाळिशीत सुरुवात केली तेव्हा फ्रेंचच्या आधारावर वर्षभरात कामाचे स्पॅनिश कागद वाचू लागले होते, आणि तिच्या वयात याहून कमी वेळ लागेल.