माळ्यावरची भांडी आणि मुलांचे ‘नंतर बघू’

प्रश्न : माझे वय ७४ असून यजमानांचे निधन दोन वर्षांपूर्वी झाले. आमची इमारत पुनर्विकासासाठी लवकरच रिकामी करायची आहे. माळ्यावर सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी, ट्रंकभर साड्या, यजमानांची पुस्तके आणि काही मोडी कागद आहेत. दोन्ही मुले परगावी असतात आणि ‘नंतर बघू’ म्हणतात. त्यांच्यावर भार पडू नये म्हणून आवराआवर कोठून सुरू करावी?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सुरुवात माळ्यापासून न करता कपाटातल्या फायलींपासून करावी. भांडी कोणीही मोडीत देऊ शकेल. परंतु विसरलेली मुदत ठेव तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक असणार? दहा वर्षे दावा न केलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि वारसांना ती त्यानंतरही मागता येत असली तरी ती आहे हे त्यांना माहीत असावे लागते. म्हणून खाती, ठेवी, विमा आणि लॉकर यांची एका वहीत नोंद करावी. नामनिर्देशन केले म्हणजे वाटणी झाली, असे मात्र समजू नये. बँक पैसे नामनिर्देशित व्यक्तीच्या (नॉमिनीच्या) हाती देते, पण ते कोणाचे हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरते. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करता येते आणि त्याची नोंदणी सक्तीची नाही.

आता भांडी. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी तिची भांडी जमिनीवर मांडली, तेव्हा एका तांब्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले एका बाईचे नाव आणि १९३८ हे साल दिसले. ती आईची आत्या की आजोळची कोणी, हे सांगणारे माणूस उरले नव्हते. तो तांब्या आम्हाला मोडीत देववेना आणि वापरवेना. पाच वर्षे तो फडताळात तसाच काळवंडत राहिला. त्यामुळे माझे कळकळीचे सांगणे असे, की मुले पुढच्या वेळी येतील तेव्हा भांडी खाली काढून प्रत्येक नाव वाचावे, ते कोणाचे हे सांगावे, त्यांना हवे ते उचलू द्यावे आणि उरलेले तुमच्या हातांनीच मोडीत द्यावे. ‘तुम्ही घेतले नाही तर मला वाईट वाटणार नाही’ हे वाक्य त्यांना तोंडाने ऐकवावे, कारण मुलांना वस्तूंपेक्षा आईचे मन मोडण्याची भीती अधिक असते.

मऊ सुती साड्यांच्या गोधड्या शिवून घ्याव्यात. जरीच्या साड्या मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय बोहारणीला देऊ नयेत. पुस्तकांची यादी आधी जवळच्या ग्रंथालयाला दाखवावी, कारण सगळीच पुस्तके त्यांना घेता येत नाहीत. मोडी कागद रद्दीत घालू नयेत किंवा लॅमिनेटही करू नयेत. जाणकाराकडून वाचून घेतल्यावर जमिनीचे दस्तऐवज घरी ठेवावेत. इतर जुन्या कागदांविषयी १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा करता येईल.

छायाचित्रांना शेवटी हात घालावा, नाहीतर दिवस तिथेच सरतो. ठेवायच्या प्रत्येक छायाचित्रामागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यांवर उमटतो.