गोल चेहऱ्याला आखूड केस शोभतील का?

प्रश्न : माझा चेहरा गोल आहे. केस बारीक, विरळ आणि किंचित लाटदार असून कमरेपर्यंत लांब आहेत. एका छायाचित्रात पाहिलेला हनुवटीपर्यंतचा बॉब, कपाळावर सरळ कापलेल्या बटांसह, मला फार आवडला आहे. मैत्रिणी मात्र गोल चेहऱ्याला आखूड केस शोभत नाहीत, असे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : मैत्रिणींचे म्हणणे अर्धेच खरे आहे. गोल चेहऱ्याला आखूड केस वर्ज्य नाहीत. केसांची कड गालांच्या रुंद भागाशी येऊन संपली, तर मात्र चेहरा अधिक रुंद भासतो. तीच कड हनुवटीखाली दोन-तीन बोटे उतरवली आणि भांग थोडा बाजूला घेतला, तर चेहरा लांबट दिसू लागतो.

चेहऱ्याच्या आकाराची चर्चा नको तितकी होते, केसांच्या स्वभावाची मात्र फारशी होत नाही. मला खरी शंका आहे ती कपाळावरच्या बटांविषयी. मुळात विरळ असलेल्या केसांतून त्या वेगळ्या काढल्या की बाजूचे केस आणखी पातळ दिसतात. शिवाय कपाळाच्या कडेला भोवरा असेल, तर कितीही विंचरल्या तरी त्या तिथे दुभंगतातच. एकदा केस धुऊन कंगवा न लावता वाळू द्या आणि पुढचे केस आपणहून कोणत्या बाजूला वळतात ते आरशात पाहा. ते सरळ खाली पडत नसतील, तर तशा बटांसाठी रोज सकाळी ड्रायर हाती घ्यावा लागेल, आणि तेवढी हौस आहे का, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

भरदारपणासाठी लेअर्स, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी-जास्त लांबीत कापलेले केस, सुचवले जातील, पण विरळ केसांत ते जास्त झाले की टोके झिरझिरीत होतात. त्यापेक्षा एका रेषेत कापलेली टोके दाट दिसतात.

लांब केसांची लाट त्यांच्याच वजनाने ताणलेली असते, त्यामुळे ते आखूड झाले की ती उसळते. ओले असताना हनुवटीखाली वाटणारे केस वाळल्यावर वर चढतात, हे कापणाऱ्यांना आधीच सांगा. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे कमरेपर्यंतची लांबी परत यायला काही वर्षे जातील. म्हणून आधी खांद्यापर्यंतच कापा, महिनाभर त्या लांबीत वावरून पाहा आणि तरीही बॉबची ओढ टिकली, तर पुढचा कट निर्धास्तपणे करा.