वाचक विचारतात : बर्फावरचे गुरू आणि रिंकचे मालक

प्रश्न : स्वतःचे रिंक (स्केटिंगसाठी गोठवलेल्या बर्फाचे मैदान) चालवणारे एक परदेशी फिगर स्केटिंग प्रशिक्षक नव्वदी ओलांडून वारल्याचे वाचनात आले. या खेळातले खेळाडू पंचविशीच्या आसपास निवृत्त होतात. मग त्यांचे गुरू साठ-सत्तर वर्षे शिकवत कसे राहतात? थंडीत राहिल्याने आयुष्य वाढते असे काही आहे का?
— एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : थंडीने आयुष्य वाढते असे मानायला काही आधार नाही. थंड हॉलमध्ये पहाटेपासून तासन्‌तास उभे राहणे गुडघ्यांना आणि कंबरेला मानवत नाही, आणि पूर्वी बर्फ सपाट करणाऱ्या पेट्रोलच्या यंत्रांचा धूर बंदिस्त रिंकमध्ये कोंडत असे, तो वेगळाच. या मंडळींच्या बाबतीत लांबते ती कारकीर्द, आणि तिचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे.

गुस्ताव लुसी यांचे उदाहरण घेऊ. स्वित्झर्लंडमधल्या स्टान्स गावी 1898 साली जन्मलेला हा गृहस्थ मूळचा स्कीवरून उड्या मारणारा. पुढे अमेरिकेत जाऊन लेक प्लॅसिड येथे तो स्केटिंग शिकवू लागला आणि 1993 साली, पंचाण्णवाव्या वर्षी वारला. स्पर्धक म्हणून त्याने नाव कमावले नव्हते, तरी त्याचा शिष्य डिक बटन 1948 आणि 1952 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन गेला. पहिल्या स्पर्धेत बटनने दुहेरी अ‍ॅक्सल ही हवेत अडीच गिरक्या घेण्याची उडी घेतली आणि दुसऱ्या स्पर्धेत तीन गिरक्यांची उडी. स्पर्धेत या दोन्ही गोष्टी त्याआधी कोणी केल्या नव्हत्या. हवेत शरीराचा आस कसा राहायला हवा हे मुलाला आधी बर्फावर एका पायावर मागच्या दिशेने गिरकी घेताना कळले पाहिजे आणि उडी नंतर आली पाहिजे, असा लुसींचा आग्रह असे. असा आग्रह धरायला आणि तो तडीस न्यायला स्वतः उडी मारता येण्याची गरज नसते.

मुरलेला प्रशिक्षक डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो. ब्लेडच्या तळाला मधोमध बारीक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आतली व बाहेरची अशा दोन कडा असतात. मूल एकाच कडेवर नीट झुकले असेल तर बर्फ कापल्याचा मऊ, सलग आवाज येतो. दोन्ही कडांवर सपाट उभे असेल तर खरवडल्यासारखा कर्कश आवाज येतो, आणि पाठमोऱ्या उभ्या असलेल्या गुरूलाही तो ओळखता येतो. हा कान वयाबरोबर तयार होत जातो. म्हणूनच 1953 साली बहिणीबरोबर जोडी स्केटिंगचे जागतिक विजेतेपद मिळवलेले इंग्लंडचे जॉन निक्स 1979 च्या जागतिक विजेत्या बाबिलोनिया-गार्डनर जोडीचेही गुरू होते, 2006 च्या ऑलिंपिक रौप्यपदकविजेत्या साशा कोहेनचेही होते, आणि ऐंशी उलटल्यावरही ते शिष्या घडवत होते.

मात्र या पेशातले सगळेच दीर्घायुषी ठरले नाहीत. 15 फेब्रुवारी 1961 रोजी ब्रुसेल्सजवळ विमान कोसळून प्राग येथील जागतिक स्पर्धेसाठी निघालेला अमेरिकेचा सबंध संघ मृत्युमुखी पडला. त्यात मॅरिबेल व्हिन्सन ओवेन यांच्यासारखे नामवंत प्रशिक्षकही होते. अमेरिकेला त्यानंतर बाहेरून गुरू आणावे लागले. निक्स आणि इटलीचे कार्लो फास्सी हे त्यांतले. पण ओवेनबाईंचा शिष्य फ्रँक कॅरल मागे राहिला होता, आणि त्याच्या हाताखालून पुढे पाच वेळची जागतिक विजेती मिशेल क्वान व 2010 चा ऑलिंपिक विजेता इव्हान लायसाचेक निघाले.

प्रश्न : प्रशिक्षकाने रिंकची मालकी अंगावर घेण्याचे कारण काय? शिकवण्यातून पैसा मिळत असताना हा व्याप कशाला? आणि गोव्यात असे रिंक चालेल का?
— वीज खात्यातून निवृत्त झालेले एक वाचक, म्हापसा

उत्तर : या धंद्यात खरा माल म्हणजे बर्फावरचा तास. रिंक दुसऱ्याचे असले की संध्याकाळचे चांगले तास आइस हॉकीचे संघ घेऊन जातात, कारण वीसेक जण मिळून भाडे भरतात, आणि फिगर स्केटिंगच्या मुलांच्या वाट्याला पहाटे पाच-सहाची वेळ येते. मालकी आली की वेळापत्रक आपल्या हाती येते. त्याची किंमत अशी, की रात्री दोनला बर्फ गोठवणाऱ्या यंत्रणेचा कंप्रेसर बंद पडला तर उठायचेही आपणच.

एके काळी या हिशेबाला आणखी एक टेकू होता. स्पर्धेत बर्फावर ब्लेडने ठरावीक वर्तुळे आणि आठाचे आकडे कोरून दाखवावे लागत आणि 1968 पर्यंत एकूण गुणांतले 60 टक्के त्यांवर अवलंबून असत. त्या सरावासाठी रिंकचे पट्टे पाडून एकेका मुलाला एकेक पट्टा भाड्याने दिला जाई; हे ‘पॅच’चे तास रिंकला आणि प्रशिक्षकाला बांधील उत्पन्न देत. 1990 नंतर जागतिक स्पर्धांतून हे आकडे गेले आणि ते उत्पन्नही आटले. आज लहान रिंक तगते ते शनिवार-रविवारी हौसेने येणाऱ्या लोकांच्या तिकिटांवर आणि भाड्याच्या बुटांवर. विजेते घडवणारा हॉल वाढदिवसाच्या पार्ट्यांवर चालतो, हे मला तरी कमीपणाचे वाटत नाही.

मालकांमध्ये फ्रँक झांबोनी यांची कथा मालीमच्या जेटीवर ट्रॉलरसाठी बर्फाच्या लाद्या चढताना पाहिलेल्या गोवेकराला चटकन समजेल. ते प्रशिक्षक नव्हते. 1901 साली जन्मलेले झांबोनी भावाबरोबर कॅलिफोर्नियात बर्फाच्या लाद्यांचा कारखाना चालवत. घरोघर फ्रीज येऊ लागले, लाद्यांची मागणी घटली, आणि हाताशी असलेल्या यंत्रसामग्रीचा उपयोग म्हणून त्यांनी 1940 मध्ये पॅरामाउंट येथे रिंक काढले. तिथे बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला तीन-चार माणसांना तासाभराहून अधिक वेळ लागे: ट्रॅक्टरने खरवडायचे, भुगा फावड्याने काढायचा, पाणी सोडून ते गोठेपर्यंत थांबायचे. तेवढा वेळ तिकीट बंद. त्यातून 1949 साली त्यांनी खरवडणे, भुगा उचलणे आणि पाणी पसरणे एकाच फेरीत करणारे यंत्र तयार केले. सोन्या हेनी या तीन वेळच्या ऑलिंपिक विजेतीने ते तिथे पाहिले आणि स्वतःसाठी मागवले. झांबोनी 1988 साली वारले. जगभरच्या रिंकांवर त्या यंत्राला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात.

आता गोवा. आंतरराष्ट्रीय मापाचे रिंक 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद असते. बर्फाचा थर तीन सेंटिमीटर धरला तरी सुमारे 50 हजार लिटर पाणी गोठवावे लागते. तेवढे पाणी आपल्याकडे मिळेल, आणि उन्हावर भिंती व छप्पर उपाय करतील. खरा शत्रू हवेतला दमटपणा. एक लिटर पाण्याएवढी वाफ बर्फावर येऊन गोठली, तर सुमारे आठ लिटर पाणी गोठवण्याइतके काम यंत्रणेवर पडते, हे आपल्या खात्यात मुरलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पावसाळ्याचे चार महिने हवा कोरडी करणारी यंत्रे अखंड चालवली नाहीत, तर बर्फावर धुके साचेल आणि छताला धरलेले थेंब खाली पडून जागोजाग उंचवटे तयार होतील. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धेसाठी डेहराडूनला बांधलेले रिंक पुढे अनेक वर्षे बंद पडून होते, आणि तो तर डोंगराच्या पायथ्याचा प्रदेश. शिमल्याचे 1920 पासूनचे रिंक रात्रीच्या थंडीत पाणी आपोआप गोठण्यावर चालत आले आहे. ती सोय आपल्याकडे नाही. गोव्यात पर्यटकांना तासभर बर्फ दाखवणारा हॉल चालू शकतो, परंतु रोज चार तास सराव देणारे रिंक तिकिटांच्या बळावर उभे राहील असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी रोलर स्केटिंग करते आणि तिला फिगर स्केटिंगचे वेड लागले आहे. काय करावे?
— एक पालक, साखळी

उत्तर : तिला चाकांवरच राहू द्या. 1998 ची ऑलिंपिक विजेती तारा लिपिन्स्की आधी रोलर स्केट्सवरच तयार झाली होती. चार चाकांवर हेच नृत्य, याच उड्या आणि गिरक्या करण्याचा आर्टिस्टिक स्केटिंग हा स्वतंत्र प्रकार आहे. अनुप कुमार यामा याने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यात भारतासाठी कांस्यपदक मिळवले. वर्ग निवडताना पहिल्या महिन्यात मुलांना कडांवर झुकायला शिकवतात की थेट शर्यतीला लावतात, हे एक-दोन दिवस कट्ट्यावर बसून पाहा. आणि वाढत्या पायाच्या हिशेबाने एक नंबर मोठे बूट घेऊ नका. आत पाय हलला की घोटा वळतो आणि झुकण्याची सवय सुरुवातीलाच बिघडते.