जांघेतली गाठ उडते, हर्निया असेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. चार वर्षांपूर्वी डाव्या पायाची मेन नस ब्लॉक झाली म्हणून जांघेपासून गुडघ्यापर्यंत बायपास केलं, आत कृत्रिम नळी आहे. इतके दिवस मस्त चालायचे पण आता राजवाड्यापर्यंत जाताना पोटरी भरून येते, मधेच थांबतात. आणि जांघेत जुन्या टाक्यांच्या जागी लिंबाएवढी गाठ आलीये, हात ठेवला की उडते, दुखत मात्र नाही. शेजारचे काका म्हणतात हर्निया आहे, मालिशने बसेल. पुढच्या महिन्यात ताईचं लग्न आहे, नंतर दाखवलं तर चालेल ना? बिडी त्यांनी कमी केलीये.

उत्तर : नाही चालणार, याच आठवड्यात दाखवा. हर्निया खोकला आला की फुगतो, नाडीच्या ठोक्याबरोबर उडत नाही. बायपासच्या जोडावर उडणारी गाठ म्हणजे स्यूडोअॅन्युरिझम (जोडातून झिरपलेल्या रक्ताची पिशवी), हे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत धरूनच चालायचं. मालिश, शेक, सुई घालून बघणं, काही म्हणजे काही करू देऊ नका, काकांनाही सांगा.

होतं असं की कृत्रिम नळी आणि आपली रक्तवाहिनी कितीही वर्षं झाली तरी एकजीव होत नाहीत, जोड शेवटपर्यंत टाक्याच्या दोऱ्यावरच टिकून असतो. दोरा तुटला, किंवा रक्तवाहिनीची भिंतच कमजोर होऊन टाका त्यातून निसटला, की रक्त बाहेर झिरपतं आणि आजूबाजूच्या पेशी त्याभोवती पिशवी बनवतात. जांघेत हे सगळ्यात जास्त दिसतं. कधीकधी मूळ कारण जंतुसंसर्ग असतो, अगदी हळू चालणारा, ताप वगैरे नसतानाही, म्हणून तेही बघावं लागतं. गाठ दुखत नाही यावर जाऊ नका, ती फुटू शकते आणि आतली गुठळी सुटून खाली बोटांपर्यंत जाऊ शकते. दोन सेंटीमीटरच्या आतली असेल तर कधी नुसती लक्ष ठेवून चालते, लिंबाएवढीला बहुतेक ऑपरेशनच लागतं, म्हणजे तो भाग काढून नवा तुकडा जोडायचा. संसर्ग निघाला तर काम मोठं, नुसत्या अँटिबायोटिकवर सहसा भागत नाही, बऱ्याचदा नळीच काढावी लागते.

पोटरीचं दुखणं वेगळं असू शकतं. जोडापाशी आतलं अस्तर जाड होऊन वाट अरुंद होते, पण ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत, चार वर्षांनी दुखलं तर नसा ब्लॉक होण्याचा मूळ आजारच वर किंवा खाली पुढे सरकला असण्याची शक्यता जास्त. आणि बिडी "कमी केलीये" म्हणजे चालू आहे.

जनरल सर्जनऐवजी व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, जुनं डिस्चार्ज कार्ड न्या म्हणजे नळी कुठली आणि जोड कुठे ते कळेल. आधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), घोट्याचं आणि हाताचं प्रेशर घेऊन त्यांचा रेशो, मग बहुतेक सीटी अँजिओ (रक्तात डाय सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन), शुगर आहे म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघतील. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला किंवा गाठ एकदम वाढून दुखायला लागली तर १०८ लावा, सकाळची वाट बघू नका, अशा पायाला जेमतेम सहा तास मिळतात. रक्त आलं तर आडवं झोपवून स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका.