वडोदऱ्यात गच्चीवर ३ किलोवॉट सोलर बसवायचं आहे. मोनो पर्क घ्यावं की बायफेशियल टॉपकॉन? पैसे किती वर्षांत सुटतात? बॅटरी लागते का?

कुठलंही घ्या. आधी मला सांगा, तुमची पाण्याची टाकी गच्चीच्या कुठल्या बाजूला आहे, आणि जिन्याची खोली किती उंच आहे? तुम्ही पॅनलच्या जाती विचारल्यात, पैसे विचारलेत, बॅटरी विचारलीत. सावलीबद्दल एक अक्षर नाही. म्हणून लिहायला बसले.

मी पदार्थविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. आमचं घर कारेलीबागेत. खाली धाकटे दीर, वर आम्ही, गच्ची दोघांची. गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी प्रधानमंत्री सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि मे महिन्यात आमच्याकडे सोलरवाला मुलगा जागा बघायला हजर. भर दुपारची वेळ. त्याने टेप लावली, दोन फोटो काढले आणि टाकीच्या उत्तरेकडची मोकळी जागा दाखवून म्हणाला, "अहीं मस्त आवी जशे." मी विचारलं, टाकीची सावली? त्याने खाली बघितलं. सावली टाकीच्या बुंध्याशी गोळा होऊन पडलेली. "छांयडो नहीं आवे, बेन."

मे महिन्यात कशी येईल? वडोदरा २२.३ अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या जरा खाली. जूनच्या सुरुवातीला सूर्य दुपारी आपल्या थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा ४४ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे १२ फुटांच्या वस्तूची सावली उत्तरेला १२ फूट. सकाळी नऊ वाजता सूर्य जेमतेम २० अंशांवर असतो, तेव्हा सावली उंचीच्या अडीचपटीहून लांब. आमची जिन्याची खोली आणि तिच्यावरची टाकी मिळून गच्चीपासून १२ फूट. हे मी कागदावर आकृती काढून दाखवलं. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेत, आकड्यांना घाबरणारा माणूस नाही, पण म्हणाले, "वहिनी, हे पुस्तकातलं झालं. हा मुलगा रोज पॅनल बसवतो."

खरं कारण वेगळं होतं. गच्चीचा दक्षिणेकडचा अर्धा भाग त्यांना उत्तरायणाच्या पतंगांसाठी मोकळा हवा होता. तसं सरळ सांगितलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. वडोदऱ्यात राहून १४ जानेवारीला गच्ची अडवणाऱ्या बाईला कोण माफ करील? माझं म्हणणं एवढंच होतं की जागा उत्तरेचीच घ्या, पण स्ट्रक्चर उंच करा. नऊ फुटांवर पॅनल गेली की १२ फुटांच्या टाकीचे वर तीनच फूट उरतात, सावलीही तेवढीच. उंच स्ट्रक्चरला चाळीसेक हजार जास्त पडत होते. भाऊजी म्हणाले, उगाच मांडव कशाला. मिस्टर नेहमीप्रमाणे गप्प बसले. पॅनल गच्चीला चिकटून बसली, ६ पॅनल, एका ओळीत उभी (म्हणजे लांब बाजू वर-खाली), एकाच माळेत जोडलेली.

पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रोजचे बारा युनिट येत होते. वडोदऱ्यात १ किलोवॉटला वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट धरतात, त्या हिशेबाने उत्तम. मग आकडा उतरायला लागला. नोव्हेंबरच्या शेवटी सात-आठवर आला.

भाऊजींचं पहिलं निदान धूळ. मुलगा बोलावून पॅनल धुऊन घेतली, तीही बोअरिंगच्या पाण्याने. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार किती ते तुमच्या गिझरला विचारा. काचेवर पांढरे डाग राहिले ते वेगळेच. (धुवायचीच तर नळाच्या पाण्याने, सकाळी लवकर, काच तापायच्या आधी. आणि पॅनलवर पाय देऊन कुणी चढता कामा नये, आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. आमच्याकडे वानरं उड्या मारतात, त्यांना मात्र काही सांगता येत नाही.)

दुसरं निदान उष्णता. आपल्या वडोदरा शाखा कालव्यावर १० मेगावॉटचा प्रकल्प आहे, २०१५ च्या जानेवारीत बान की मून उद्घाटनाला आले होते तो. भाऊजींनी तो तेव्हा हौसेने जाऊन बघितला होता. "तिथे खाली पाणी, पॅनल थंड राहतात. आपली तापतात." तत्त्व बरोबर आहे. पॅनलवर छापलेले वॉट २५ अंश तापमानाचे असतात. सेल त्याच्या वर एकेक अंश तापला की मोनो पर्कमध्ये साधारण ०.३५ टक्का वीज घटते, टॉपकॉनमध्ये ०.३० च्या आसपास. मे महिन्यात सेल ६५ अंशांवर गेला तर १४ टक्के गेले. पण ते मे महिन्यात हो. नोव्हेंबरात आपण अंगावर चादर घेतो तेव्हा पॅनल कुठून तापायला बसली?

तिसरं निदान, कंपनीने खराब माल दिला. हे ते अजूनही लग्नामुंजीत सांगतात.

दिवाळीत सगळे जमले होते तेव्हा मी गच्चीवर प्रयोग करून दाखवला होता. दुपारी टाकीची सावली पॅनलच्या अलीकडेच थांबत होती, सहाही पॅनल उन्हात. पुतण्याला सोलरच्या इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणाऱ्या पेटीच्या, पडद्यासमोर उभं केलं. सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं वीतभर रुंदीची घडी घालून सहाही पॅनलच्या खालच्या कडेवर आडवं पसरलं. नऊ वार बरोबर पुरतं. झाकलेला भाग दहाव्या हिश्शाहूनही कमी. खालून पुतण्या ओरडला, दोन हजाराच्या वर होतं, आता हजारच्या आसपास आलं! अर्धी वीज गेली.

याचं कारण पॅनलच्या पोटात आहे. सेल एकामागे एक जोडलेले असतात. विटा हातोहात देणाऱ्या माणसांच्या रांगेत एकाचे हात थांबले की सगळ्यांचे थांबतात, तसं. एका पॅनलमध्ये सेलचे तीन गट असतात, प्रत्येक गटाला एक बायपास डायोड. गट अडला की डायोड त्याला वळसा घालून बाकीच्यांचा प्रवाह पुढे काढतो. पण पॅनल उभं असेल तर खालच्या कडेवरची सावली तिन्ही गटांना एकदम पकडते. हल्लीची हाफ-कट पॅनल वरच्या आणि खालच्या अर्ध्यात विभागलेली असतात, म्हणून आमचं निम्मं तरी वाचलं. जुन्या पद्धतीच्या पॅनलमध्ये सगळंच गेलं असतं. तीच पॅनल आडवी लावली तर खालच्या कडेची सावली एकाच गटावर पडते, दोन गट चालू राहतात. खालून थोडीच सावली येत असेल तर आडवी लावा. जवळजवळ फुकटचा उपाय आहे, पण सोलरवाला आपणहून सुचवणार नाही, कारण उभी लावली की लोखंड कमी लागतं.

भाऊजी काय म्हणाले माहीत आहे? "आपण काही पॅनलवर लुगडी वाळत घालत नाही."

डिसेंबरात टाकीने ते काम केलं. सकाळी साडेनऊला वर बोलावून चहाच्या कपासकट उभं केलं तेव्हा कुठे ते "बरं, काय करायचं ते करा" म्हणाले. उत्तरायणाच्या आधी स्ट्रक्चर उंच करून घेतलं. आता दक्षिणेला पतंग उडतात, आणि ऊन लागलं की मंडळी पॅनलच्या खाली बसून उंधियू खातात. सगळ्यात आधी खुर्ची कोण टाकतं ते सांगत नाही.

आता तुमचा प्रश्न. बायफेशियलला मागूनही वीज येते हे खरं, पण मागे उजेड पोचला तर. गच्चीला चिकटवलेल्या पॅनलची पाठ अंधारातच असते. तुमच्या गच्चीवर पांढरं चायना मोझॅक असेल आणि स्ट्रक्चर उंच असेल तर घ्या, खालून उजेड चांगला परततो. नाहीतर त्या पाठीचे पैसे वाया. टॉपकॉन आपल्या उन्हाळ्यात किंचित सरस, भावात फार फरक नसेल तर तेच घ्या. अनुदान हवं असेल तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्यामुळे निवड तशीही आखूड होते. नावाच्या मागे लागू नका. कोटेशनमध्ये स्ट्रक्चरला हॉट-डिप गॅल्वनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर) आहे की नुसता चंदेरी रंग, आणि अर्थिंगचे खड्डे तीन आहेत की एक, हे विचारा. आकाशातल्या विजेसाठी लावलेल्या गजाचा, एसी विजेचा (इन्व्हर्टरकडून घराकडे) आणि डीसी विजेचा (पॅनलच्या बाजूचा), असे तीन वेगळे हवेत.

पैशाचं. केंद्राचं अनुदान २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला एकूण ७८,००० रुपये. ते वजा जाता ३ किलोवॉटचा खर्च लाखाच्या मागेपुढे राहतो, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट निघतात. तुमचं लाइट बिल तेवढं येत असेल तर माझ्या हिशेबाने चार-पाच वर्षांत सुटतात. बिलच दीडशे युनिटचं असेल तर ३ किलोवॉट बसवू नका, जास्तीच्या युनिटला मिळणारा भाव आपण विकत घेतो त्याच्या जवळपासही नसतो. खाली दुकान असेल तर त्याच्या मीटरला हे अनुदान नाही, ते घरगुती जोडणीलाच आहे.

बॅटरी नको. पण एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, कडक ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमच्याकडे लाइट नव्हती. ऊन पडल्यावर भाऊजी वर येऊन म्हणाले, एवढे पैसे घालून अंधारच? चार पंखे-दिवे चालवणारा साधा इन्व्हर्टर घरात असेल तर तो पुरे, वडोदऱ्यात एरवी लाइट जाते किती? सोलरचा इन्व्हर्टर मात्र पार्किंगमध्ये लावू नका. गल्लीत एकांचा पाण्यात गेला. आमचा पहिल्या मजल्याच्या जिन्यात होता.

एवढं सगळं बोलले, पण तुमच्या दक्षिणेला कुणाचे पाच मजले उभे असतील तर नऊ फुटांच्या स्ट्रक्चरने काही होणार नाही. तिथे प्रत्येक पॅनलला मायक्रो-इन्व्हर्टर लावण्याचा विचार करा, किंवा बेत सोडा. उलट गच्ची चहूबाजूंनी मोकळी असेल तर उंच स्ट्रक्चरचा खर्च कशाला? तिथे भाऊजींचंच बरोबर. आणि उंच करणारच असाल तर वाऱ्याचा विचार करून पक्के पाये घालून घ्या, वॉटरप्रूफिंगला भोकं पाडून नव्हे. पहिल्या पावसात खालच्या खोलीचं छत गळेल. सूर्य कुठल्या महिन्यात कुठून जातो ते दाखवणारी फुकट अॅप मोबाईलवर मिळतात. जागा बघायला येणाऱ्याला त्यात २२ डिसेंबर, सकाळचे नऊ लावून दाखवा आणि मग पॅनल कुठे ठेवणार ते विचारा.

शेवटचं, गच्ची सामायिक असेल तर. मीटर कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर नाव बदलल्याशिवाय अर्ज अडतो. आणि अनुदान ज्याच्या नावावर मीटर, त्याच्याच बँक खात्यात येतं. आमचं मीटर सासऱ्यांनंतर भाऊजींच्या नावावर झालं, कारण मिस्टर तेव्हा नोकरीसाठी आणंदला होते. ७८,००० त्यांच्या खात्यात आले आणि खर्चात निम्मे-निम्मे धरले गेले, त्यात माझी तक्रार नाही. स्ट्रक्चर उंच करायचे चाळीस हजार मात्र सगळे आम्ही भरले, कारण "हट्ट वहिनींचा होता". त्या डिसेंबरचे आणि पुढच्या डिसेंबरचे युनिट शेजारी शेजारी मांडून मी घरच्या ग्रुपवर टाकले आहेत. वीस हजार कधी देताय भाऊजी?