दानार्पणासाठी कार्ड मशीन: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आमची मंडळी दीडशे कुटुंबांची. तरुणांच्या खिशात रोकड नसते, त्यामुळे उपासनेत थैली फिरते तेव्हा त्यांची पंचाईत होते. सध्या पाळकसाहेबांच्या मोबाइलचा क्यूआर दाराशी लावला आहे. आता स्वाइप मशीन घ्यायचे ठरले आहे. सुरुवात कुठून करावी? (खजिनदार, अहिल्यानगर)

उत्तर: आधी तो क्यूआर उतरवा. यात पाळकसाहेबांवर अविश्वास नाही, उलट त्यांचीच काळजी आहे. त्यांच्या बचत खात्यात आलेले दान कागदोपत्री त्यांचेच उत्पन्न दिसते आणि उद्या खुलासा त्यांनाच करावा लागतो. शिवाय त्यांची बदली झाली, तरी सभासदांच्या मोबाइलमध्ये तोच नंबर राहतो आणि दान जुन्याच खात्यात जात राहते.

क्यूआर आणि मशीन, दोन्ही ट्रस्टच्या खात्यावरच घ्या. बँक मागते ते असे: नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्टचे पॅन कार्ड, परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा, सह्या करणाऱ्यांचे केवायसी आणि मशीन घेण्याचा सभेतला ठराव. चर्च धर्मप्रांताच्या ट्रस्टखाली असेल, तर तिथले अधिकारपत्रही लागते. गाडी अडते ती बहुधा परिशिष्टापाशी. त्यात जुन्या, कधी कधी दिवंगत विश्वस्तांची नावे असतात, कारण विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायचा बदल अर्ज कोणी दिलेलाच नसतो. हे काम मशीनच्या अर्जाआधी मार्गी लावा.

अर्जात दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. व्यवसायाचा प्रकार ‘धार्मिक संस्था’ (कोड ८६६१) असावा. घाईत ‘किरकोळ दुकान’ लिहिले जाते. आणि दात्याच्या स्टेटमेंटवर कोणते नाव उमटेल, ते विचारा. तिथे अनोळखी नाव दिसले की माणूस घाबरून बँकेत तक्रार करतो आणि जमा झालेले दान परत जाते.

खर्चाचे गणित: यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (व्यवहारामागे बँक कापते ते शुल्क) नाही. इतर डेबिट कार्डांवर मशीनसाठी रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असल्यास ०.४० टक्के, त्याहून जास्त असल्यास ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून दर लेखी घ्या. मासिक भाडे, जीएसटी आणि मशीन परत करतानाचे शुल्कही त्याच कागदावर मागा. दीडशे कुटुंबांना एक मशीन पुरेसे आहे. तरुणांचे काम क्यूआरवरच भागेल. मशीनचा खरा उपयोग स्मार्टफोन न वापरणाऱ्या, पण पेन्शनच्या खात्याचे डेबिट कार्ड बाळगणाऱ्या ज्येष्ठांना होतो.

मशीन बाकांमधून फिरवू नका. पिन टाकून एका व्यवहाराला अर्धा मिनिट धरले, तरी ४० जणांना २० मिनिटे लागतात. दाराशी टेबल मांडा आणि उपासनेआधी व नंतर दोन स्वयंसेवक बसवा. कार्डावर टॅपची सोय सुरू असेल, तर ५००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, रांग भराभर सरते. डिजिटल दान दिलेल्यांसाठी बाकावर छोटी छापील चिठ्ठी ठेवा. थैली आली की ती टाकायची, म्हणजे अर्पणाच्या क्षणी कोणी रिकाम्या हाताने बसत नाही. जुन्या दगडी चर्चच्या जाड भिंतींत सिमचे नेटवर्क मिळत नाही, म्हणून मशीनची चाचणी टेबलाच्याच जागी आणि भरल्या रविवारी घ्या.

रक्कम मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स मात्र घेऊ नका. विधवेचे २० रुपये आणि व्यापाऱ्याचे ५००० सगळ्यांना ऐकू जाणे चर्चमध्ये शोभत नाही. खात्री स्वयंसेवकाने मोबाइल ॲपवर करावी. क्यूआर काचेच्या चौकटीत लावा आणि दर रविवारी एक रुपया पाठवून नाव तपासा; वरून दुसऱ्याचे स्टिकर चिकटवण्याचे प्रकार घडतात.

प्रश्न: मशीनच्या स्लिपांची बेरीज आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळत नाही. शिवाय दशांश (उत्पन्नाच्या दहाव्या भागाचे दान) कोणता, बांधकाम निधी कोणता, हेही कळत नाही. (पंचकमिटी सदस्य, पुणे)

उत्तर: रविवारची रक्कम बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी जमा होते, तीही शुल्क वजा होऊन. यूपीआयचे पैसे कार्डांपासून वेगळे येतात. काही मशीनवर दिवसअखेर ‘सेटलमेंट’ दाबावे लागते. ते राहिले तर त्या दिवसाचे पैसे अडकून पडतात. १००० रुपयांच्या दानातून २० रुपये कापले गेले, तर वहीत दान १०००, बँक खर्च २० आणि जमा ९८० लिहा. पावतीही १००० ची द्या. ९८० च लिहिले, तर वर्षअखेर लेखापरीक्षकाला पावत्या आणि वही जुळवता येत नाही. दात्याच्या खात्यातून पैसे गेले, पण मशीनने मंजुरी दाखवली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा स्वाइप करू नका. अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

निधी ओळखण्यासाठी एकाच खात्यावर प्रत्येक निधीचा वेगळा क्यूआर मागा आणि ठळक रंगांत लावा. कार्डासाठी स्वयंसेवकाने स्लिपच्या चर्चकडच्या प्रतीवर निधीचे नाव तिथल्या तिथे लिहावे. थर्मल कागदावरची अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून त्याच दिवशी नोंदवहीत उतरवून दोघांच्या सह्या घ्या.

प्रश्न: सणाला परदेशातून नातेवाईक आणि पर्यटक येतात. त्यांचे कार्ड स्वाइप करावे का? (पॅरिश कौन्सिल, वसई)

उत्तर: परदेशी नागरिकाचे दान इथे येऊन रुपयांत दिलेले असले, तरी एफसीआरएखाली (परदेशी योगदानाच्या नियमनाचा कायदा) ते परदेशी योगदानच ठरते. त्यासाठी नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले खास खाते लागते. ओसीआय कार्डधारकही (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) यात मोडतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या, परदेशात नोकरी करणाऱ्या सभासदाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान मात्र चालते. त्याच्या पासपोर्टची प्रत घ्या. साध्या मशीनवर आंतरराष्ट्रीय कार्डे बंद ठेवायला बँकेला अर्जातच सांगा आणि टेबलावर तशी पाटी लावा, म्हणजे पाहुण्याला तोंडावर नकार द्यायची वेळ येणार नाही.