‘धार्मिक शिक्षा नहीं दी जाएगी’ हे मराठीत कसं लिहायचं?

इंदूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मंडळाच्या पत्रिकेसाठी संविधानाच्या कलम २८ वरचा (म्हणजे पूर्णपणे सरकारी पैशानं चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई करणाऱ्या कलमावरचा) मजकूर हिंदीतून मराठीत आणायचा आहे. ‘धार्मिक शिक्षा’ तसंच ठेवावं, की ‘धार्मिक शिक्षण’ म्हणावं, की ‘धर्मशिक्षण’?

‘शिक्षा’ तर ठेवूच नका. संस्कृतात ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे; हिंदीनं तोच अर्थ सांभाळला, मराठीत मात्र तो शब्द दंडापुरता उरला. ‘नातवाची शिक्षा यंदा पूर्ण झाली’ हे वाक्य इंदूरच्या राजवाड्याच्या आसपास कानावर आलं तर कुणी वळूनही बघणार नाही, पण पुण्याहून आलेला पाहुणा विचारेल, ‘किती वर्षांची होती?’ ‘शारीरिक शिक्षा’ तर त्याहून गमतीची. हिंदी वेळापत्रकात तो खेळाचा तास असतो. मराठीत तोच शब्द वाचला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं त्यावर बंदी आहे.

आता ‘धार्मिक शिक्षण’ आणि ‘धर्मशिक्षण’. संविधानाच्या मराठी पाठात ‘धार्मिक शिक्षण’ आहे, तेव्हा कलमाचा आशय देताना तेच वापरा. अडचण पुढे येते. हा शब्द दोन गोष्टींवर सारखाच बसतो: एखादा धर्म पाळायला शिकवणं, आणि निरनिराळ्या धर्मांची माहिती देणं. कलम २८ मधली मनाई पहिल्या गोष्टीला आहे. कोठारी शिक्षण आयोगानं (१९६४–६६) हा फरक स्पष्ट केला होता. गुरू नानकांचं जीवन आणि शिकवण यांचा अभ्यास म्हणजे असं शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात म्हटलं. अरुणा रॉय खटल्यात (२००२) धर्मांविषयीच्या अभ्यासाला कलम २८ आड येत नाही, असा निर्णय झाला.

म्हणून पहिल्या अर्थासाठी ‘धर्मशिक्षण’ किंवा ‘धार्मिक शिक्षण’, आणि दुसऱ्यासाठी सरळ ‘धर्मांचा परिचय’ किंवा ‘धर्मांविषयीचं शिक्षण’. इथं अनेकवचन मोलाचं आहे. ‘धर्माविषयी’ लिहिलंत की वाचकाच्या मनात एकच धर्म उभा राहतो, बहुधा त्याचा स्वतःचा. शंका आली तर क्रियापद बदलून पाहा. ‘मुलांना रमजानचे रोजे म्हणजे काय ते सांगितलं’ हा परिचय; ‘रोजे कसे धरायचे ते शिकवून धरायला लावले’ हे धर्मशिक्षण.

हिंदी पाठातले आणखी काही शब्द पाय अडकवतात. ‘राज्य-निधि से पूर्णतः पोषित’ यातलं ‘राज्य’ म्हणजे फक्त मध्य प्रदेश नव्हे. केंद्र आणि स्थानिक संस्थाही त्यात येतात. पत्रिकेत ‘पूर्णपणे सरकारी पैशानं चालणारी शाळा’ पुरे. ‘पूर्णतः’ मात्र गाळू नका, सगळा भेद त्यावर आहे. शासन चालवत असलेली, पण मूळ देणगी किंवा न्यास यांच्या अटीतच धर्मशिक्षण असलेली संस्था पोटकलम २ मुळे या मनाईतून सुटते. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत असं शिक्षण असू शकतं, पण पोटकलम ३ प्रमाणे संमतीशिवाय कुणावर सक्ती करता येत नाही, आणि ते उपासनेलाही लागू आहे.

त्याच पोटकलमात हिंदीत ‘संरक्षक’ आणि ‘अवयस्क’ येतात. मराठीत ‘संरक्षक’ हा राखण करणारा. तिथे ‘पालक’ हवा. ‘अवयस्क’ला कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’ म्हणतात, पण पत्रिकेत ‘अज्ञान मुलाच्या पालकांची संमती’ छापलं तर पालक रागावतील. ‘१८ वर्षांखालील’ लिहा.

उद्देशिकेतला शब्दही जाता जाता तपासा. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनंतर हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. हिंदीतला शब्द मराठी अवतरणात आणू नका.

आणि ‘सार्वजनिक शाळा’ हा शब्द टाळाच. आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ची पाटी बहुधा खासगी शाळेवर असते. ‘सरकारी शाळा’ म्हटलं की कुणालाही कळतं.